अडलेलं रडू

शरदिनीबाईंना रडवायचं, असं दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरात एकमताने ठरलं होतं. फक्त शरदिनीबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

झालं असं, की त्यांची छाती भलतीच धडधडायची. मध्येच एखादा ठोका गाळायची आणि मग तो भरून काढायला धावत सुटायची. दीर ढुंढिराज घरचेच वैद्य. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं, "वहिनी, दादा गेला तेव्हा तुम्ही रडला नाहीत. अडवलेलं रडू वायू होऊन हृदयात शिरलंय. ते वाहून गेलं की ठोका जागेवर."

मणिकर्णिकेच्या घाटावर दहनाला न्यायच्या माणसासाठी रडू नये, त्याचा मोक्ष अडतो, हे तेव्हा बजावलं होतं यांनीच! आता तेच हात धुऊन मागे लागले. गेलेल्या नवऱ्याचं, वासुदेवरावांचं, उपरणं मांडीवर आणून ठेवलं. शेजारणी येऊन "किती देवमाणूस होते" म्हणत स्वतःच डोळे पुसून गेल्या. शरदिनीबाईंच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. त्यांना एका जागी बसवेना. ओट्यापासून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा ओट्याशी, नुसत्या येरझारा.

खरं कारण त्यांनाच ठाऊक होतं. नवरा गेला त्या दिवशी त्यांना आधी हायसं वाटलं होतं. घरात आता कुणी ओरडणार नाही, हाच पहिला विचार. म्हणजे रडू अडलेलं नव्हतंच, ते नव्हतंच मुळी. ही धडधड म्हणजे त्या पापाची शिक्षा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि नाडी धरली की हे भावजींना कळेल या धास्तीने ती आणखी उधळायची.

शेवटी लेक ईशानी वैतागली. "बस हो गया, आई. चल, डॉक्टरला दाखवू." ढुंढिराजही काढ्याची बाटली घेऊन सोबत निघाले.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली. "ये कब से है?"

"भैया के जाने के बाद से," ढुंढिराज म्हणाले.

"अम्मा, आप बताइए."

शरदिनीबाई मान डोलावणार होत्या. पण तोंडातून निघालं, "वो थे, तभी से."

आणि बोलता बोलता त्यांनाच आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी छातीवर हात धरून त्या नवऱ्याला सांगायला गेल्या होत्या. "नाटकं पुरेत," ते म्हणाले होते. त्यानंतर त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या. होत होतं ते गिळून स्वयंपाक करत राहिल्या. म्हणजे ही शिक्षाबिक्षा काही नव्हती. साधा आजार होता आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा.

"दिल की लय बिगड़ी है. खून का थक्का न बने, इसलिए दवा रोज़ लेनी होगी," डॉक्टरीणबाई रक्ताच्या गुठळीचा धोका समजावत होत्या.

शरदिनीबाईंना हुंदका फुटला. ओट्याशी गप्प उभ्या राहिलेल्या त्या बाईची, तेव्हाच्या स्वतःचीच, त्यांना इतकी दया आली, की रडू थांबेना.

"आलं!" ढुंढिराज खुर्चीतून उठलेच. "रडा वहिनी, दादासाठी मोकळेपणी रडा!"

"त्यांच्यासाठी नाही, भावजी," शरदिनीबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचार गं."