न मोजलेली जागा

स्कार्वोय बेटावरच्या किराणा दुकानात, दुधाच्या कपाटाशेजारच्या भिंतीवर ते भलंमोठं रंगीत चित्र लावलं होतं. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबत होता. बेटापासून मुख्य भूमीपर्यंत समुद्राखालून बोगदा होणार, मग फेरीबोटीच्या वेळा सांभाळत जगायला नको. चित्रात पाणी आणि गाळ बाजूला काढून तळाचा खडक दाखवला होता, डोंगरदऱ्यांसारखा उंचसखल. त्याच्यावरून सारख्या खोलीच्या रेषा फिरल्या होत्या आणि खडकाच्या पोटातून बोगद्याची लाल रेघ गेली होती.

गुन्वोर तिथं उभी राहिली ती दूध विसरूनच गेली. रंगांचा तो क्रम तिनंच ठरवलेला होता. पृष्ठभाग तिरपा करून बघायची ती तऱ्हाही तिचीच. खाली कोपऱ्यात नाव मात्र तोरलैफचं होतं.

बर्गनच्या संशोधन संस्थेत दोघं एका खोलीत बसायचे. बोटीवरून आवाजाच्या लहरी सोडून समुद्रतळाचा खडक मोजतात. पण बोट जाते तिथंच मोजमाप मिळतं. एका रेषेवर बिंदूंची दाटी, आणि दोन रेषांच्या मधे मैदान मोकळं. असे वेडेवाकडे विखुरलेले बिंदू त्रिकोणांनी जोडून त्यांच्यावरून रेषा काढणारा प्रोग्राम गुन्वोरनं लिहिला. त्यात तिचा एक हट्ट होता: जिथं बिंदू फार लांब लांब पडले असतील, तिथं काहीच रंगवायचं नाही. भोक तसंच ठेवायचं.

"भोकं पडलेली चादर कोण विकत घेईल?" तोरलैफ म्हणायचा.

"पण ती चादर खरी असेल," ती म्हणायची.

ती आईच्या आजारपणासाठी बेटावर आली, तेवढ्यात तोरलैफनं तो प्रोग्राम परिषदेत स्वतःच्या नावावर मांडला, भोकं गुळगुळीत लिंपून. आभारात लिहिलं, 'टंकलेखनासाठी गुन्वोरची मदत झाली.' तिनं तक्रार केली, तर वरिष्ठ म्हणाले, दोघांनी मिळून केलेलं काम, कुठं धुणी धूत बसता. तोरलैफ मोठ्या कंपनीत साहेब झाला. गुन्वोरचा करार पुढं वाढवला नाही. ती बेटावरच्या शाळेत गणित शिकवायला लागली. लोकांना वाटलं, विसरली असेल. पण तिनं डूख धरला होता, आणि तो तिनं जपला, थंडीत चूल जपावी तसा.

दुकानातल्या त्या चित्रात मधेच एका ठिकाणी रेषा फार शहाण्यासारख्या चालल्या होत्या. इस्त्री केल्यासारख्या, सारख्या अंतरावर. खडक इतका गुणी कधी नसतो. तिनं नगरपालिकेतून मोजमापाचे आकडे मागून आणले. मागेल त्याला ते द्यावेच लागत. शाळेच्या कॉम्प्युटरवर बिंदू मांडले आणि ती खुर्चीत मागे रेलली.

त्या जागी एकही बिंदू नव्हता. अलीकडच्या बाजूनं खडक खाली उतरत होता, पलीकडूनही खालीच उतरत होता. मधे दरी असणार, गाळानं आणि मऊ चिकणमातीनं भरलेली. तोरलैफच्या लिंपणानं तिच्यावर कागदी पूल बांधला होता आणि बोगदा बरोबर त्या पुलाच्या आधारानं चालला होता. उद्या सुरुंग लावणाऱ्या माणसांच्या डोक्यावर छत म्हणून चिखल असता, आणि चिखलावर समुद्र.

तिनं त्याच्या कंपनीचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली आणि तिनं फोन ठेवून दिला. आत्ता सांगितलं तर काय होणार? बंद दाराआड तो रेघ खाली सरकवणार, वर स्वतःच्याच दक्षतेची टिमकी वाजवणार. काम तर गावसभेच्या मंजुरीनंतरच सुरू व्हायचं होतं. तोवर कुणाच्या जिवाला धोका नव्हता. तिनं तसा हिशेब मांडला आणि गप्प बसली. वसंतातली ती सभा येईपर्यंत तिची भूक अशी वाढली की बेटावरचीच तिची बोर्गहिल्ड मावशी म्हणाली, "पोरी, प्रेमात पडलीस की काय?"

सभेला झाडून सगळं बेट आलं. बायकांनी वाफल आणि तपकिरी चीज मांडलं होतं. तोरलैफ आता जाडसर झाला होता, पण हसू तेच. पडद्यावर त्यानं खडक गरगर फिरवून दाखवला, लोक हरखले. मग त्याला ती दिसली.

"अरे, गुन्वोर! ही पूर्वी माझ्या हाताखाली होती बरं का. टायपिंगला एकदम झकास."

लोक कौतुकानं हसले. गुन्वोर उभी राहिली. "तोरलैफ, मोजलेले बिंदू दाखव ना जरा."

"त्या ठिपक्यांच्या पसाऱ्यात लोकांना काय कळणार?"

"बिंदू तर मोजता येतात. दाखव."

"या प्रोग्राममधे तशी सोय नाही."

"आहे. मी ठेवलीय." ती पुढे गेली आणि त्याला कोपरानं जरा बाजूला सारून तिनं कळफलकावर दोन शब्द टाकले.

रंगीत पांघरूण नाहीसं झालं. काळ्या पडद्यावर मण्यांच्या माळांसारख्या बिंदूंच्या रांगा उरल्या. मधोमध काळं खिंडार, आणि लाल रेघ थेट त्याच्यातून गेलेली. कपबशा वाजायच्या थांबल्या.

"इथं काय मोजलंस?"

"तिथं... प्रोग्राम अंदाज काढतो."

"कसा काढतो? सांग. लिहिलायस तूच."

तो काहीतरी सरासरीबद्दल पुटपुटला.

"कशाची सरासरी? दोन्हीकडून खडक खाली चाललाय. मग मधे सपाट कुठून आला?"

नगराध्यक्ष ओड्वार उठले. "गुन्वोर, कळलं आम्हाला. पुरे आता."

तिला थांबता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. पण तोरलैफच्या कानामागून घामाचा ओघळ कॉलरमधे उतरत होता आणि तो ओघळ बघणं तिला हवंहवंसं वाटत होतं. "नाही ओड्वार, याला तोंडानं सांगू दे. प्रोग्राम कुणी लिहिला?"

"तू," तो म्हणाला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"गुन्वोरनं लिहिला."

नंतर कंपनीनं तराफा आणून तिथं छिद्र पाडलं. चित्रात खडक दाखवला होता त्या खोलीवर छिद्र पाडायची कांब लोण्यात सुरी जावी तशी मातीत गेली. तोरलैफची खुर्ची गेली. बोगदा नव्यानं आखायचा ठरला, म्हणजे काही वर्षं लांबला. दुकानात लोक तिला रस्ता द्यायचे, पण गप्पा मारेनासे झाले.

तोरलैफ तिला एकदा फेरीबोटीवर भेटला, बेटावरच्या कामाच्या कचेरीतलं सामान न्यायला आला होता. "तुला आधी कळलं होतं," तो म्हणाला. "एक फोन करायचास."

"परिषदेला जाताना तू केला होतास का?"

"मला घरदार आहे, गुन्वोर."

"मलाही हवं होतं," ती म्हणाली आणि डेकवर निघून गेली.

बोर्गहिल्ड मावशीला हृदयाच्या दवाखान्यात बर्गनला न्यावं लागे. त्या हिवाळ्यात बोट हिंदकळत होती आणि म्हातारी बाकाला घट्ट धरून बसली होती.

"फेरीबोटीतच मरणार मी," ती म्हणाली. "त्याचं दुःख नाही. चिखलाखाली पोरं मेली असती, ते टळलं. पण एक सांग. सभेच्या आधी तू आजारी पडली असतीस तर? कुणाला सांगून ठेवलं होतंस?"

गुन्वोरनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण मरू शकतो, हे त्या सगळ्या दिवसांत तिच्या मनात आलंच नव्हतं.

"उट्टं काढलंस. बरं वाटलं का?"

"वाटलं."

"किती दिवस टिकलं?"

"अजून आहे, मावशी."

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिनं पर्समधली गोळी काढली आणि पाणी मागितलं. गुन्वोर एका हातानं बाक धरत, लाटेबरोबर तोल सांभाळत, पाणी आणायला गेली.