बाँडची मागची बाजू

सेलूत आठ वर्षांत भाड्याची पाच घरं बदलली आम्ही. मालक जात विचारत नाही. मूळ गाव विचारतो, पाहुणे कुठले विचारतो, आणि महिन्याभरात त्याच्या पोराचं लग्न ठरतं, त्याला खोली लागते. एवढी लग्नाळू पोरं आहेत कुठं सेलूत? म्हणून आता घर विकतच घ्यायचं ठरलं, तेव्हा नवऱ्यानं, सिद्धोधननं, मला बजावलं, "इसार होईस्तोवर तू बोलू नको. तुझं तोंड लय चालतंय." फोनवर तो नुसता 'एस. ए. जाधव' होता. जाधव मराठ्यांतही असतात, आमच्या बौद्धांतही. समोरचा त्याला हवं ते समजतो.

परभणीला राहायला निघालेल्या भागवतनं, ज्याचं घर होतं त्यानं, तसंच समजलं. त्याची आई मनकर्णाबाई तर मला चिकटूनच बसल्या. "जिंतूरचे जाधव म्हंजी आमच्या नंदंकडचेच की वो! घर घरातच ऱ्हायलं." मी कपातल्या चहाकडं बघत राहिले. दोन खोल्या, ओसरी, मागं न्हाणी. मला ते घर इतकं हवं होतं की पडद्यांचा रंगसुद्धा मी ठरवून टाकला होता.

सौद्याचा इसार लिहायला सिद्धोधननं पिशवीतून स्टँपचा बाँड काढला, सकाळीच विकत आणलेला. भागवतनं तो उलटा केला आणि थांबला. बाँड विकणारा मागच्या बाजूला घेणाऱ्याचं पूर्ण नाव लिहून शिक्का मारतो. अख्खा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेलेला माझा नवरा नेमका हेच विसरला होता!

"सिद्धोधन आश्रुबा जाधव," भागवतनं हळू वाचलं.

"माझं काही न्हाई वो सर," तो म्हणाला. सगळे सुरुवात अशीच करतात. "पण गल्लीला तोंड द्यायचंय मला. असं करू, दारावर नुसतं एस. ए. जाधव लिवा. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावा. चौदा एप्रिलला वर झेंडा नको. मग मी सही करतो."

मी सिद्धोधनकडं बघितलं. नाही म्हण. म्हण ना.

"चालंल," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अन् माझं नाव धम्मशीला हाय. शेजारणीनं विचारलं तर काय सांगू?"

मनकर्णाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. त्या फटकून वागल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"शीला सांग की बाई. निम्मं नाव काय वाईट हाय?"

"निम्म्या नावानं भाड्यानं ऱ्हायलेच की मावशी इतकी वर्षं," मी उठले. "सोताच्या घरात तरी पुरं नाव लागंल मला."

सिद्धोधन लगेच उठला नाही. त्याचा राग मला आजही आहे. पण उठला.