जनरेटरची जागा

तात्यारावांनी नोटिशीच्या चारही कोपऱ्यांना खळ लावली, कागद भिंतीवर दाबला आणि दोन पावलं मागे सरून तो सरळ आहे का ते पाहिलं. सरळ होता. तात्यारावांच्या हातून सहसा काही वाकडं जात नसे.

'जनरेटरजवळ कपडे वाळत घालू नयेत. ही सोसायटी आहे, धोबीघाट नव्हे. – सेक्रेटरी.'

समोर, तळमजल्याच्या मागच्या खिडकीबाहेर दोरीवर एक जुनी साडी टांगलेली होती. चांगली ऐसपैस पसरून, खिडकी पूर्ण झाकेल अशी. काठांवरून पाणी ठिबकत होतं. तात्यारावांची हयात बँकेच्या ऑडिट विभागात गेलेली, त्यामुळे नजर चुकायची नाही. ठिबकणारं पाणी तिनं बरोबर टिपलं, फक्त नोंद चुकीच्या खात्यात केली. 'साडी पिळायचेही कष्ट नकोत,' असं पुटपुटून ते खळीची वाटी घेऊन घराकडे वळले.

दोन हजार पाचचा मे महिना होता. लोडशेडिंगनं बिबवेवाडी घामाघूम झाली होती आणि सोसायटीनं नुकताच डिझेलचा जनरेटर घेतला होता. तो आला त्या दिवशी, म्हणजे नोटिशीच्या आठवडाभर आधी, गेटबाहेर टेम्पोत बसून होता आणि आत सभा चाललेली होती, ती मात्र भलत्याच विषयावर. तिसऱ्या मजल्यावरचा दिग्विजय हिंजवडीच्या कंपनीत होता. संध्याकाळी घरून अमेरिकेशी बोलायचा आणि वीज गेली की अमेरिका जायची. त्याचं म्हणणं, कोळसा ही गेल्या शतकातली गोष्ट, आता अणुवीज हाच उपाय.

"आणा की," मार्केट यार्डात गुळाचा गाळा असलेले बद्रीनाथ म्हणाले. "पण ठेवणार कुठे? बिबवेवाडीत?"

"समुद्राकाठी कुठेतरी. लांब."

"म्हणजे तिथे माणसं राहत नाहीत म्हणा."

"अहो, राहतात. पण थोडीच असतात."

"आणि हे यंत्र कुठे ठेवायचं ते बोला आधी. माझ्या खिडकीखाली नको, आमच्या हिला अर्धशिशी आहे."

प्रत्येक खिडकीत काही ना काही दुखणं निघालं. जनरेटर बसवणाऱ्या माणसानं मात्र आल्या आल्या सांगितलं होतं की गेटजवळची जागा उत्तम, धूर सरळ रस्त्यावर जाईल. गेटजवळ तात्यारावांचा फ्लॅट होता. खिडकीखाली त्यांची स्कूटर आणि पत्नी मुक्ताईंचा मोगरा. "दर्शनी भागात ते बरं दिसणार नाही," असं तात्याराव एकदाच म्हणाले. हिशेबाच्या माणसाला दोनदा बोलावं लागत नाही. मग मागची बाजू उरली आणि मागच्या बाजूला भाडेकरू राहत होते. भाडेकरूंना मत नसतं.

भाडेकरू समाधान दाराशी उभा होता. चंद्रपूरकडचा माणूस, मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी. सभ्यपणा म्हणून तात्यारावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुमची काही हरकत?"

त्यानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यारावांनीच पुढचं वाक्य टाकलं.

"यांना काय धुराचं? कोळशाच्या मुलखातले पाहुणे. उलट घरच्यासारखं वाटेल."

सभा हसली. समाधानही हसला. ठराव एकमतानं पास.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी साडी गेली, दोरीही गेली. तात्यारावांना बरं वाटलं. संध्याकाळी वीज जायच्या वेळेला ते जनरेटरची किल्ली घेऊन मागे आले, तर ती खिडकी बंद होती. नुसती लोटलेली नव्हती, फटींत कागदाच्या घड्या खोचलेल्या होत्या. मे महिन्यात, भर उकाड्यात. आतून एका मुलीचा खोकला ऐकू आला. सुरू झाला तो थांबेचना. मधे एक बारीक शिट्टीसारखा आवाज, मग पुन्हा खोकला.

तात्यारावांनी दार वाजवलं. समाधानची बायको नंदा पदरानं हात पुसत आली.

"खिडकी का लावली? गुदमरेल की मूल."

"नोटीस वाचली, काकाजी. काढली मी साडी." ती घाईनं म्हणाली. "चुकलंच आमचं. घरमालकांना नका सांगू."

"पण कपडे गच्चीवर घाला, खिडकी कशाला बंद करायची?"

उत्तर नंदाच्या मागून आलं. कॉटवर उशीला टेकून सात-आठ वर्षांची पूर्वा बसली होती.

"ते कपडे नव्हते, आजोबा. ती खाणीची साडी होती."

"उगी बस, पूर्वा."

"खाणीची म्हणजे?"

"काही नाही, काकाजी. आमच्या गावाला लागूनच उघडी खाण आहे नं. दुपारी सुरुंग लावायचे. त्याच्या आधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की बायका हंड्यांवर ताटं झाकायच्या अन् दाराखिडकीवर ओलं लुगडं सोडायच्या. न पिळता. धूळ त्याच्यावर बसते, वारा आत येतो." ती ओशाळून हसली. "इथं भोंगा नाही, तुमच्या चपला वाजल्या की मी साडी ओली करायची."

"आणि हिला हे..."

"तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीला इथून हलवा. म्हणून तर पुण्याला आलो."

तात्यारावांना 'घरच्यासारखं वाटेल' हे आपलंच वाक्य आठवलं. सभेतलं हसणंही आठवलं. त्यात समाधानचं हसणं सगळ्यात उशिरा संपलं होतं.

"त्या दिवशी सभेत बोलायचं तुमच्या यजमानांनी."

"बोलणार होते." नंदानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "घर सोडायला सांगाल, असं वाटलं मग."

त्या संध्याकाळी जनरेटर सुरू झाला नाही. डिझेल संपलंय, असं तात्यारावांनी सांगितलं. सोसायटीनं ते खरं मानलं, कारण त्यांनी आजवर खोटं सांगितलं नव्हतं.

सकाळी ते गेटजवळच्या जागेत जाऊन उभे राहिले. स्कूटर हलवली तर यंत्र आरामात बसत होतं. मोगऱ्याची कुंडी उचलावी लागली असती. वर आपल्या झोपायच्या खोलीची खिडकी, तिच्यात मुक्ताई.

"काय मोजताय हो?"

"काही नाही. स्कूटरला कव्हर घ्यावं म्हणतो."

ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नायलॉनची दोरी घेऊन आले. दुकानदारानं साधी दाखवली होती, त्यांनी चांगली घेतली. येताना भिंतीवरची नोटीस नखानं खरवडून काढली. खळ पक्की होती, चारही कोपरे भिंतीलाच राहिले.

संध्याकाळी किल्ली आणि दोरी दोन्ही घेऊन ते मागे गेले. खिडकीच्या गजांना दोरी त्यांनी स्वतः बांधली, दोन्ही बाजूंनी दुहेरी गाठ मारून. नंदानं बादलीत साडी बुचकळली.

"नियमाचं काय, काकाजी?"

"तो बाकीच्यांसाठी होता."

"मागे तर आमचीच खिडकी आहे," पूर्वा आतून म्हणाली. तात्याराव गाठ पुन्हा ओढून पाहू लागले.

वीज गेली. वरून दिग्विजयनं हाक दिली.

"तात्याराव, स्टार्ट करा ना. कॉलवर आहे मी."

त्यांनी किल्ली फिरवली. यंत्र थरथरलं, नळीतून काळा भपकारा निघाला. साडी आत फुगली आणि बरोबर मधोमध तिच्यावर करड्या रंगाचा एक डाग हळूहळू पसरू लागला.

"लई उपकार झाले, काकाजी," साडीआडून नंदाचा आवाज आला. ती अगदी मनापासून बोलत होती.

तात्याराव घरी आले. पंखा चालू होता. मुक्ताईंनी खिडकी सताड उघडून ठेवली होती आणि मोगऱ्याचा वास आत येत होता.

"दोरी कुणाला हवी होती?"

"मागच्या नंदाला."

"दिलीत?"

"दिली."

"बरं केलंत. गरीब आहेत हो बिचारी."

तात्याराव उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"अहो, काय हे? उकडतंय की."

"असू दे," ते म्हणाले आणि कडी नीट बसली आहे का ते पाहत तिथेच उभे राहिले.