हिरव्या पुडीचा पहारा

बेइगांग गावच्या देवळामागच्या दालनात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेंगदाणेवाले, खारी मासळीवाले, उदबत्तीवाले, सगळे एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात हिरव्या पुडीतला खाऊ घेऊन उभे. यंत्रावर हिरवी पुडी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मात्र पुडी हिरवीच हवी. पिवळी ठेवली की यंत्र रुसतं, लाल ठेवली की मरतं. पुडी फोडायची नाही, आणि तिची मुदत तर मुळीच संपू द्यायची नाही.

पण देवळातल्या ल्याओ गुरुजींची पुडी म्हणजे काही औरच. शेंगदाणेवाल्याच्या वेबसाइटवर तीन दिवस दाण्यांऐवजी जुगाराचे फासे नाचत होते. गुरुजींनी लॅपटॉपवर पुडी ठेवली, उदबत्ती ओवाळली आणि ते पडद्यामागे ध्यानाला बसले. पाव तासात फासे गेले आणि दाणे परत आले. गुरुजींनी बोटही लावलं नव्हतं. दालनभर हात जोडले गेले.

गुरुजी म्हणाले, "पूर्वी भुतं पिंपळावर राहायची. आता तारेतून येतात. दाराला देवाचा पहारा हवा."

पहारा बसवण्याची रीत सोपी होती. लाल कागदावर वेबसाइटचं नाव, मालकाची जन्मवेळ आणि पासवर्ड लिहायचा. गुरुजी घडी घालून तो सगळ्यांदेखत धूपपात्रात जाळायचे. मासळीवाल्याने एकदा विचारलं होतं, पासवर्ड कशाला? तर गुरुजी कळवळून म्हणाले, "अरे, पहारेकऱ्याला किल्ली नको?" मासळीवाला खाली मान घालून लिहायला बसला.

रांगेत चौथी होती चिनची, तिळाच्या तेलाची तिसऱ्या पिढीतली घाणेवाली. भक्तीपेक्षा पोटदुखीच तिला इथे घेऊन आली होती. आणि त्या पोटदुखीचं नाव होतं बीश्या.

बीश्याचा घाणा चिनचीच्या दुकानाच्या बरोबर समोर. तिचे तीळ कच्चे भाजलेले, तेल पातळ, बाटलीवरचं लेबल तिरकं. तरी पार ताइपेहून बाळंतिणींच्या आया तिच्याच वेबसाइटवर तेल मागवायच्या. सामान न्यायला येणारी स्कूटर तिच्या दारात किती वेळ थांबते, हे चिनची घड्याळ लावून बघायची. शिवाय गल्लीतली एकूण एक वेबसाइट कधी ना कधी पडली होती, बीश्याची नाही. आणि तिच्या यंत्रावरची ती हिरवी पुडी चिनचीला आपल्या गल्ल्यावरून स्पष्ट दिसायची. ह्या बाईने गुरुजींकडून चोरून जबर पुडी आणली, दुसरं काय?

नंबर आला तेव्हा चिनची गुरुजींच्या कानाशी लागली. "समोरचीपेक्षा दणकट द्या."

गुरुजी म्हणाले, तिची साधीच आहे, तुमची सात देवळांच्या धुपावरून फिरवून आणलेली. चिनचीचा चेहरा तुपासारखा विरघळला.

महिन्याच्या आत तिच्या तेलाच्या बाटल्यांवर फासे नाचू लागले. गुरुजींनी पुडी हुंगली आणि सांगितलं, समोरच्या बाईची दृष्ट लागलीय, आणखी मोठी पुडी लागेल. दृष्टीचं कारण चिनचीला लगेच पटलं. ती स्वतः दिवसभर दुसरं काय करत होती? मोठी पुडी आली, फासे गेले. पुढच्या महिन्यात परत आले, आणि तेही थंडीच्या पहिल्या दिवसाला, लीतुंगला, सहा दिवस उरले असताना. लीतुंगला घरोघर तिळाच्या तेलात कोंबडी शिजते. वर्षाचं अर्धं तेल ह्याच आठवड्यात जातं. तेवढं गेलं नाही तर आजोबांचा घाणा बंद करायची पाळी होती.

तेव्हा चिनचीने ठरवलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बीश्या मागे तीळ परतायला गेल्याचं पाहून ती रस्ता ओलांडून आत शिरली. तिची पुडी घ्यायची, आपली ठेवायची. तिने पुडी उचलली आणि हात आपोआपच वर गेला. पुडी पिसासारखी हलकी! उलटून पाहिलं. मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

"चिनचीताई, आमची पुडी घेऊन कुठं निघालात?" मागून बीश्या म्हणाली. हातात कालथा होता.

"ही रिकामी आहे," चिनचीला एवढंच सुचलं.

"मीच खाल्ली. वादळात दोन दिवस दुकानात अडकले होते. खाणार काय, पेंड? मग पिशवी फुगवून ठेवून दिली, नाहीतर येणारा-जाणारा विचारत बसतो, तुमची पुडी कुठाय म्हणून."

"म्हणजे तुझ्या वेबसाइटवर पहारा कोणाचा?"

"माझा. कोणाचा असणार?"

मग बीश्याने तीळ परतता परतता सांगितलं. चांद्र महिन्याची दुसरी आणि सोळावी तिथी, ह्या दोन दिवशी सगळी गल्ली भूमिदेवाला नैवेद्य ठेवते. तीही ठेवते. पण उदबत्ती जळेपर्यंत हात जोडून बसत नाही. आलेले अपडेट चढवते, सगळ्या मालाची आणि गिऱ्हाइकांची प्रत संगणकाला जोडायच्या एका डबीत उतरवते, आणि तार काढून डबी खणात टाकते. पासवर्ड लांबलचक, दुसरीकडे कुठेच न वापरलेला. वर फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय दार उघडत नाही. हे सगळं ती नगरपालिकेच्या वर्गात शिकली. "तुम्हालाही बोलावलं होतं. म्हातारपणी शाळा नको म्हणालात."

चिनचीने रिकामी पुडी जागेवर ठेवली.

"तुमचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही. फक्त देवाला."

"देवाच्या हातात दिलात, की गुरुजींच्या?"

मग चिनचीने विचारलं की कागद तर डोळ्यांदेखत जळतो, त्याचं काय? बीश्या म्हणाली, कोणता कागद जळतो तेच बघू.

दोघींनी मिळून चिनचीच्या वेबसाइटचं खरं दार, म्हणजे पासवर्ड टाकायचं पान, दुसरीकडे हलवलं. जुन्या जागी नुसतं दाराचं चित्र लावलं. कोणी तिथे पासवर्ड टाकला की दार उघडायचं नाही, फक्त टाकलेला शब्द बीश्याच्या फोनवर उमटायचा. कागदावर लिहायचा नवा पासवर्ड चिनचीने एकटीने ठरवला. बीश्यालाही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दालन पुन्हा भरलं. बीश्या गर्दीत उभी राहिली, चिनचीने लाल कागद दिला. गुरुजींनी घडी घातली, बाही सावरली, कागद धूपपात्रात टाकला. तो जळून राख झाला. गुरुजी पडद्यामागे ध्यानाला बसले.

पाच मिनिटांत बीश्याचा फोन वाजला. तिने वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चिनचीताईंच्या दारावर आत्ता कोणीतरी आलंय. पासवर्ड टाकलाय, 'बीश्याचं तेल पातळ'."

दालनात खसखस पिकली. चिनचीचे कान लाल झाले, पण ती मागे सरली नाही. "माझाच शब्द आहे. कागदावर लिहिला, कागद जळला. बाकी कोणाला सांगितला नाही. मग दारावर आलंय कोण?"

"देव," कोणीतरी म्हणालं.

"तर मग दर्शनच घेऊ," असं म्हणत शेंगदाणेवाल्याने पडदा ओढला.

गुरुजी मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, आणि शेजारी चिनचीच्या अक्षरातला लाल कागद, नीट उलगडलेला. बाहीतून तशाच घडीचे चार कोरे कागद निघाले. जळायचा तो कोरा, उरायचा तो किल्लीचा. पासवर्ड घ्यायचा, महिन्याने आत शिरून फासे नाचवायचे आणि नवी पुडी विकून ते काढायचे. एवढाच सगळा चमत्कार.

लॅपटॉपमध्ये गल्लीतल्या पडलेल्या प्रत्येक वेबसाइटची प्रत व्यवस्थित ठेवलेली सापडली. प्रत ठेवण्याची अक्कल बीश्याखेरीज एकट्या चोरालाच होती. पण तो लॅपटॉप पोलिसांनी पुरावा म्हणून नेला. चिनचीला वेबसाइटवरचं फाशांनी पुसलेलं सगळं पाच दिवस बसून पुन्हा लिहावं लागलं, आणि शेजारी बसून चुका काढल्या बीश्याने. तेल पातळ आहे हे मात्र तिने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. लीतुंगच्या सकाळी स्कूटर दोन्ही दारांत थांबली, आणि चिनचीने घड्याळ बघितलंच.

तर मंडळी, देवाला हात जोडायचे त्याने खुशाल जोडावेत. पण ज्याला सगळं कळतं त्याला तुमचा पासवर्ड लिहून द्यावा लागत नाही. जो मागतो तो देव नव्हे, आणि त्याचा माणूस तर नव्हेच. पहारा आपला आपण करायचा असतो. दर पंधरा दिवसांनी थोडी कटकट होते, एवढंच. आणि हिरवी पुडी खुशाल खावी, चांगली लागते.

चिनचीने पासवर्ड पुन्हा बदललाय. काय ठेवलाय ते कोणालाच ठाऊक नाही. पण तो टाकताना ती समोरच्या दुकानाकडे बघून हसते. हल्ली बीश्याही आपला टाकताना इकडे बघून तशीच हसते, आणि चिनचीला त्या दिवशी जेवण जात नाही.