तोंडबंद शनिवार

हिरवा लॉलीपॉप. सफरचंदाचा म्हणायचा, पण सफरचंदाशी ह्याची कधी गाठ पडली असेल असं वाटत नाही. काडी दातांत, गोळी डाव्या गालात, आणि जीभ तिच्याभोवती उगाच फिरते आहे, कारण जिभेला आज दुसरं काही कामच नाही… ग्लेन प्रुइटने काडी उजवीकडून डावीकडे घेतली आणि चुन्याच्या रेघेपासून हातभर अंतरावर आपली घडीची खुर्ची उघडली. खुर्चीत तो कधीच बसत नाही. ती नुसती जागा धरायला असते.

वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, मुलींच्या फुटबॉल लीगवाले हा तोंडबंद शनिवार पाळतात. आईबापांनी मैदानाच्या कडेला उभं राहायचं, पण ओरडायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. फाटकातच लीगची पेगी बादली घेऊन उभी असते आणि रडक्या पोराला द्यावा तसा एकेकाच्या हातात लॉलीपॉप ठेवते. ग्लेनला तिने दोन दिले. 'तुला लागतील,' म्हणाली, आणि मागे उभा असलेला डेल मॅक्लीश एवढा हसला की त्याच्या कॉफीचं झाकण उडालं. ग्लेनही हसला. दरवर्षी हसतो, आणि दरवर्षी पाच मिनिटांत नियम मोडून ओरडतो. पण आज हसताना त्याची मान घामाने ओली होती, आणि गवतावरचं दव तर अजून वाळलंही नव्हतं.

कारण त्याच्या मुलीच्या, मॅरिनच्या, गोलच्या मागे, कोपऱ्यातल्या झेंड्यापलीकडे, ती बाई बसली होती. करडी टोपी, गुडघ्यावर वही, पायाशी थर्मास. युनिव्हर्सिटीची कोच. चार तास गाडी चालवून आलेली. फॉरवर्ड ती पाच घेईल, बचावाला चार घेईल, पण गोलकीपर एकच घेणार, आणि त्या एका जागेवर मॅरिनची — की त्याची? — गेली तीन वर्षं नजर आहे. नियमाप्रमाणे सामन्याच्या दिवशी ती पालकांशी बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ग्लेनला वाटलं, आणि लगेच वाटलं, नको.

बुधवारी तिचं पत्र आलं होतं, मॅरिनच्या नावाने, दोनचार ओळींचं. व्हिडिओ बघितला. हात चांगले आहेत. शनिवारी येते आहे. व्हिडिओत तुझा आवाज कुठेच ऐकू आला नाही, तो ऐकायचा आहे; जी बोलत नाही ती गोलकीपर माझ्या उपयोगाची नाही.

तो व्हिडिओ ग्लेनने स्वतः बनवला होता. दोन हंगाम रेघेवर उभं राहून काढलेलं चित्रण, त्यातून निवडलेले बारा गोल, म्हणजे न झालेले, मॅरिनने अडवलेले. तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तीन रविवार बसून त्याने ते कापले, जोडले, आठवा तर इतका सुरेख होता की तो दोनदा घातला, दुसऱ्यांदा संथ करून. त्या कॉम्प्युटरचा स्पीकर कधीचा गेला आहे. दिवसभर लोकांच्या घरची हीटरं दुरुस्त करत हिंडणाऱ्या माणसाला आपल्या घरचा स्पीकर बघायला वेळ कुठला… आणि आवाजाची गरजही कुणाला होती? बघायचं तर हात होते. एकोणीस कॉलेजांना त्याने तो एका दमात पाठवून दिला.

बुधवारी पत्र वाचल्यावर, दोन कामांच्या मधे, गाडीत बसून त्याने तो पहिल्यांदा फोनवर लावला. आवाज चालू करून. आणि मॅरिन हवेत झेप घेऊन बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढते आहे आणि कॅमेऱ्याला तोंड लावून कुणीतरी माणूस खेकसतो आहे — उशीर, उशीर केलास. दुसऱ्यांदा, चेंडू तिच्या छातीशी घट्ट, आणि तोच माणूस: पाय कुठे आहेत तुझे? बारा वेळा. बारा वेळा तिने अडवलं आणि बारा वेळा हा तिच्यावर ओरडला, एकदाही शाब्बास नाही, एकदा चुकूनसुद्धा नाही. आठव्याला, झोपलीस का, मॅरिन? आणि मग तेच पुन्हा, संथ केलेलं, खोल विहिरीतून यावं तसं — झो…प…लीस… का… ग्लेनने फोन बंद केला. त्याला शरम वाटली. आणि शरमेच्या पाठोपाठ, त्याहून आधी म्हटलं तरी चालेल, हा हिशेब, की एकोणीसपैकी कितीजणांनी आवाज चालू ठेवला असेल.

आज सकाळी येताना त्याने तिला विचारलंच. ती शेजारी बसून केळं सोलत होती.

'मॅरिन, तो व्हिडिओ… तू आवाजासकट ऐकला होतास?'

'डॅड, मी तिथेच होते की,' ती म्हणाली, आणि केळं खायला लागली.

रागाने म्हणाली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. मैदान अजून वीस मिनिटांवर होतं. एरवी ह्या वीस मिनिटांत तो तिला त्या दिवशीचा समोरचा संघ समजावून सांगतो.

शिट्टी झाली. दोन्ही कडांना साठ-सत्तर माणसं, आणि आवाज फक्त बुटांचा, चेंडूचा. डेल हातवारे करून आपल्या पोरीला, बचावातल्या कीराला, काहीतरी सांगत होता. रेफ्रीने बोट दाखवलं तसे त्याने हात बगलेत कोंबले. ग्लेनला हसू आलं नाही. पाचव्याच मिनिटाला पिवळ्या संघाच्या मुलीने चेंडू बचावाच्या डोक्यावरून उचलून दिला, आणि तो कुठे पडणार हे ग्लेनला तो पायातून सुटायच्या आधी कळलं. नीघ. आत्ता. बाहेर ये… शब्द घशापर्यंत आला, दातांखाली लॉलीपॉपचे तुकडे झाले, एक तुकडा हिरडीत रुतला.

आणि मॅरिन थांबली. अर्धा क्षण. तिचा उजवा खांदा किंचित वळला, रेघेकडे, त्याच्याकडे. मग निघाली आणि कशीबशी पायाने चेंडू उडवून बाहेर घालवला.

हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. कसं पाहणार, आजवर त्या अर्ध्या क्षणात आपणच ओरडत होतो. ती माझी वाट बघते. चेंडू दिसतो तिला, माझ्याइतकाच दिसतो, पण ती आधी मला येऊ देते आणि मग निघते… नऊ वर्षं. आठव्या वर्षी गुडघ्यापर्यंत येणारे हातमोजे घालून उभी राहिली तेव्हापासून आपण एकही सामना चुकवला नाही, एकही. आपला बाप टायरच्या कारखान्यात शनिवारी जादा पाळी करायचा आणि आपण बाकांवर त्याला शोधायचो, तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या पोराला असं शोधायला लागू नये. ते तर खरं करून दाखवलं. मग ह्यात चुकलं कुठे, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर नको म्हणून खेळाकडे बघू लागला.

थोड्या वेळाने कुणीतरी ओरडू लागलं. 'कीरा, डावीकडे. डावी धर. सोड, माझा आहे.' जाड, खरखरीत, थोडा फाटका आवाज. ग्लेनने आधी पिवळ्यांच्या कोचकडे पाहिलं, मग आपल्या बाकाकडे. नियम मोडून कुठली आई बोलते आहे हे बघायला मान वळवली, तर सगळ्या आयांच्या तोंडात काड्या. डेल त्याच्याकडे बघत होता. त्याने भुवया उंचावल्या आणि हनुवटीने गोलकडे खूण केली.

मॅरिन होती.

घरी ती बोलते, थोडंच, आईशी जास्त. हा आवाज घरचा नव्हता. तो वापरून खरखरीत झालेला होता, म्हणजे तो कुठेतरी वापरला जात होता: सरावाला, शाळेच्या मैदानावर, जिथे आपण नसतो तिथे. प्रत्येक कोच तीन वर्षं सांगत आला होता की पोरगी चांगली आहे पण सामन्यात मुकी आहे, बोलायला शिकव तिला. आणि आपण गाडीत दर शनिवारी बोलायला शिकवत होतो. मोठ्याने. आणि तरी ग्लेनला, लाज सोडून, आनंद झाला, कारण करड्या टोपीची बाई वहीवर वाकून भराभर लिहीत होती.

मध्यंतराला बाजू बदलल्या. नऊ वर्षांचा शिरस्ता असा की शिट्टी वाजली की ग्लेन खुर्ची मिटतो आणि रेघेने चालत दुसऱ्या टोकाला, मॅरिनच्या नव्या गोलजवळ जातो. बाकीच्या पालकांनी त्याचं घड्याळ केलं आहे: ग्लेन निघाला, म्हणजे संत्री वाटा. आज त्याने खुर्ची मिटली. पलीकडे ती बाईही आपली खुर्ची मिटून दुसऱ्या टोकाकडे निघाली होती. पाच-सात पावलं तोही गेला. मग तो खांदा आठवला, किंचित वळलेला. तो परत आला आणि खुर्ची उघडून, काय करावं न सुचून, तीत बसला. डेलने न बोलता त्याच्यापुढे संत्र्याची फोड धरली.

इथून मॅरिन अंगठ्याएवढी दिसत होती. आवाज येत होता, शब्द नाहीत. खेळ तिकडेच अडकलेला, पिवळ्यांचे हल्ल्यावर हल्ले, आणि ग्लेन मांडीवर मुठी आवळून बसलेला. बसून सामना बघणं इतकं अवघड असतं हे त्याला माहीत नव्हतं. तिने एक अडवला, मग आणखी एक. ०–०. चारपाच मिनिटं राहिली. एवढं निभावून ने, पोरी, एवढं फक्त… आणि एक अगदी साधा चेंडू, घरंगळत आलेला, लहान पोरानेही उचलला असता असा, तिच्या हातातून निसटला, दोन पायांमधून गेला आणि रेघ ओलांडून जाळीशी जाऊन थांबला.

पिवळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. कडेला कुणी हूं की चूं केलं नाही. त्या शांततेत ग्लेन उभा राहिला. आता ती बघेल. गोल झाला की पहिली ती माझ्याकडे बघते, नऊ वर्षं, जाळीतून चेंडू काढायच्याही आधी, आणि मी… मी काय चेहरा करतो? कपाळाला हात लावतो. आज तसं नको. त्याने घाईघाईने दुसरा चेहरा शोधला, ओठ सैल सोडले, भुवया वर नेल्या, तळवा उघडून छातीपाशी धरला, असू दे, काही नाही, खेळ पुढे. आणि ते सगळं तसंच धरून तो उभा राहिला. इकडे बघ, मॅरिन. एकदा बघ.

तिने पाहिलं नाही. वाकून जाळीतला चेंडू काढला, मधल्या वर्तुळाकडे लाथाडला, आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या कीरापाशी गेली. अजून दोघी आल्या. मॅरिनने हातमोजा कीराच्या डोक्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली, मोठं नसावं, चारपाच शब्द. तिघी हसल्या. कीरा तर पोट धरून वाकली. मॅरिनही हसत होती. आयुष्यातला सगळ्यात वाईट गोल खाऊन, कोचच्या डोळ्यांदेखत, ती हसत होती, आणि मग टाळी वाजवून तिने तिघींना जागेवर पिटाळलं.

कोच लिहीत होती. काय लिहीत असेल, हे त्याच्या मनात आलं आणि टिकलं नाही. ती काय म्हणाली? असं काय म्हणाली की त्या हसल्या? शेजारी डेलने बाहीत तोंड खुपसलं होतं, त्यालाही ऐकू आलेलं नव्हतं. घरी जाताना गाडीत विचारता येईल. नऊ वर्षांत त्या गाडीत त्याने तिला सांगितलं खूप, ज्याचं उत्तर स्वतःला माहीत नाही असं काही विचारल्याचं मात्र त्याला आठवेना. आणि विचारलं, आणि ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, काही नाही, डॅड, असंच… ग्लेनला भीती वाटली. बुधवारपासून त्या वहीची वाटत होती, तिच्याहून किती तरी जास्त. छातीपाशी धरलेला हात खाली घ्यायचं त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.