जिभेची शिकवणी

देवळीच्या बाजारओळीत पुंडलिकराव गुल्हान्यांचं किराणा दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकांना मालाबरोबर एक करमणूक फुकट मिळायची. ती म्हणजे पुंडलिकरावांचा धाकटा मुलगा, गोपाल.

गोपाल बोलताना अडखळायचा. पहिल्याच अक्षराला जीभ अशी अडून बसे की मानेच्या शिरा फुगत, डोळे मिटत आणि शब्द काही केल्या बाहेर येत नसे. गल्ल्यावरून पुंडलिकराव म्हणत, "गोपाल, पाहुण्याले तुह्यं नाव सांग." तो 'गो'वर अडकला की ते मांडीवर थाप मारत, "ढकला रे याले! धक्का मारल्याबिगर गाडी चालू होत नाई!" गिऱ्हाइकं हसत. थोरला भाऊ योगेंद्र तर हसून हसून काट्यावर रेलायचा. आई देवकाबाई आतल्या दारातून पदर तोंडाला लावून बघत राही. त्या पदराआड हसू होतं की आणखी काही, हे गोपालला लहानपणी कळलं नाही आणि मोठेपणी त्यानं कळून घेतलं नाही.

बी.कॉम. झाल्यावर "समोर बसून धंदा बुडवशील" म्हणून बापानं त्याला मागच्या गोदामात टाकलं. गोपालला ती शिक्षा वाटलीच नाही. तिथे हसणारं कोणी नव्हतं. साखरेच्या पोत्यांच्या थप्पीसमोर उभा राहून तो तिच्याशी बोलायचा. बोलता बोलता त्याला एकेक गोष्ट सापडत गेली. श्वास सुटायला लागला की मगच शब्द सोडायचा. पहिलं अक्षर ओठांत दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मांडीवर बोटांनी हळू ठेका धरायचा आणि त्या ठेक्यावर पुढं जायचं. कोणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं घासून घासून त्यानं ते अंगात मुरवलं.

नाचणगावला सपनाला पाहायला गेले तेव्हा त्यानं स्वतःचं नाव एका दमात सांगितलं. लग्न ठरलं. पण लग्नाच्या दिवशी, उंबरठ्यावर नाव घ्यायची वेळ आली आणि घात झाला. बायका घेरून उभ्या, योगेंद्र सगळ्यांच्या पुढे. गोपालनं 'स' धरला आणि तो सुटेना. शिरा फुगायला लागल्या, योगेंद्रच्या ओठांवर हसू फुटायला लागलं, एवढ्यात शेजारी उभी असलेली सपना मटकन खाली बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. बायका धावल्या. कोणी कांदा हुंगवला, कोणी पाणी मारलं. त्या गडबडीत नाव घ्यायचं राहून गेलं.

तेव्हापासून देवकाबाई सुनेला चक्करवाली म्हणू लागली. फेफऱ्याची पोरगी गळ्यात मारली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. सपनाला कसली चक्कर न् कसलं काय. पण हे तिला आणि गोपाललाच ठाऊक होतं, आणि सासूचं सगळं ती मान खाली घालून ऐकत आली.

धंद्याची कल्पनाही तिचीच. दोन हजार सातच्या सुमारास घरात कॉम्प्युटर आला, मग ब्रॉडबँडही. गोपाल ऑर्कुटवर अडखळणाऱ्या लोकांच्या घोळक्यात शिरला आणि कोणी काही विचारलं तर लिहून सांगू लागला. लिहिताना कोणाची जीभ अडत नाही. सपना बाजूला बसून बघायची. एक दिवस म्हणाली, "लोकं टायपिंग शिकवून पैसे घेते, इंग्लिस शिकवून घेते. तुमी जे शिकले, ते शिकवनारं हाये का कोनी?"

वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एकानं त्यांना वेबसाइट बनवून दिली. नाव ठेवलं 'मोकळी वाणी'. माडीवरच्या खोलीत सपनानं जुन्या साडीचा पडदा लावला. गोपालनं हेडफोन लावला आणि इंटरनेटवरून शिकवणी सुरू झाली. जळगावचा एक बँकेतला कारकून आला, सोलापूरचा एक वकिलीचा विद्यार्थी आला. नाशिकहून कोकिळा नावाची मुलगी आली. तिला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं आणि स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. प्रत्येकाला गोपाल पहिल्या दिवशी एकच सांगे, "घाई नाही. मी थांबलो आहे." हे वाक्य त्याला आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून ते त्याच्या तोंडून फार मऊ निघायचं. पलीकडून रडण्याचा आवाज येई.

बातमी वर्तमानपत्रात आली, तालुक्याच्या पानावर, फोटोसकट. दुकानात येणारे विचारू लागले, "मास्तर कुठी हायेत?" गोपालनं गोदामात यायचं बंद केलं होतं. पुंडलिकराव खवळले. "तोतऱ्यानं तोतऱ्याइची शाळा काढली!" म्हणाले. योगेंद्रला मात्र वेगळंच खुपत होतं. आजवर गल्ल्यासमोर लोक त्याच्याशी बोलायला थांबत; आता ते जिन्याकडे बघत बोलत होते.

त्याच सुमारास आर्वीचे अण्णाजी म्हणून एक निवृत्त गृहस्थ शिकायला आले. फारच अडखळायचे. मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर दोन शब्द बोलता यावेत, एवढीच इच्छा. गोपालला त्यांचा लळा लागला. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला 'सर' म्हणतो आणि सांगितलेलं ऐकतो, याचंच त्याला अप्रूप होतं. अण्णाजी एकदा म्हणाले, "सर, तुमच्यावर कधी असा प्रसंग आला होता का हो?" आणि गोपालनं सांगितलं. गल्ल्यावरची थाप सांगितली, थप्पीशी बोलणं सांगितलं, आणि उंबरठ्यावरचा 'स' पण सांगितला.

अण्णाजी नावाचा कोणी नव्हताच. तो योगेंद्रचा मित्र होता, वर्ध्याच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नकला करायचा. शिकवणीतलं सगळं बोलणं त्यानं रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गाण्यांसाठी स्पीकर लावलेला असे. गोपाल माडीवर होता. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हेडफोन चालू राहिला असेल म्हणून त्यानं पाहिलं, तर तो बंद. आवाज खालून येत होता, अख्ख्या बाजारओळीत घुमत होता. "माझ्या बायकोनं माझ्यासाठी चक्कर आल्याचं नाटक केलं. अण्णाजी, एवढं मोठं काम माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केलं नाही..." आणि त्यावर उसळलेलं हसू.

तो जिना उतरून आला. ओट्यावर गर्दी होती. मधे योगेंद्र उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी माणूस अण्णाजींच्या आवाजात म्हणत होता, "न-न-नमस्कार, सर!" लोक पोट धरून हसत होते. गोपालला 'बंद करा' म्हणायचं होतं. 'ब'वर ओठ मिटले ते मिटलेच. शिरा फुगल्या, डोळे मिटले. जुनं सगळं एका झटक्यात परत आलं, जणू मधली वर्षं कोणी पोत्यातून सांडून टाकली.

"बोल ना रे मास्तर!" पुंडलिकराव गल्ल्यावरून ओरडले. "लोकाइले शिकवते, आता बापाले शिकव!"

देवकाबाई आज पदर न लावता हसत होती. मग जिन्यावर उभ्या असलेल्या सपनाकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू गेलं. "इतके वर्स आमाले येडं बनवलं काय व तू? पहिल्याच पावलाले खोटेपना!"

सपना वर निघून गेली. गोपाल मागोमाग गेला. ती खिडकीशी उभी होती. "त्या मानसाले काऊन सांगतलं?" तिनं विचारलं. "तुमच्या आईचं सारं आयकून घेतलं मी. माह्या मायलेबी सांगतलं नाई. अन् तुमी..."

त्याला 'माफ कर' म्हणायचं होतं. 'मा'वर तो उभा राहिला. एरवी सपना थांबायची. दोन मिनिटं लागोत, पाच लागोत, ती त्याच्याकडे बघत थांबायची. त्या दिवशी ती थांबली नाही. भात लागेल म्हणून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळाची शिकवणी होती. सकाळीच तिचा निरोप येऊन पडला होता: उद्या शाळेत मुलाखत आहे, आज जास्त सराव करायचा आहे. गोपालनं हेडफोन लावला. 'नमस्कार'चा 'न' आला आणि तिथंच घोटाळत राहिला.

"सर? ला-लाइन तुटतेय का?" कोकिळानं विचारलं.

मग तिला कळलं. फार हळू, फार समजुतीनं ती म्हणाली, "सर, घाई नाही. हात मांडीवर ठेवा. मी थ-थांबले आहे."

त्याचेच शब्द होते, त्याचाच मऊ सूर. कालच्या अख्ख्या बाजाराच्या हसण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या कीव करणाऱ्या आवाजानं झालं. गोपालच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

"मला शिकवतेस?"

शब्द सरळ निघाले. तो चपापला. मग पुढचेही निघाले. "स्वतःचं नाव सांगता येत नाही आणि मला शिकवतेस? कोकिळा! कोणी ठेवलं गं हे नाव? उद्या को-को-को करत उभी राहशील, पोरं बाकं वाजवतील. कोणाला तरी ढकलायला ने सोबत. धक्का मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही तुझी!"

बापाचं वाक्य होतं आणि बापाचाच सूर. ते त्यानं ओळखलं. थांबायला हवं, हेही कळलं. पण जीभ तेल घातल्यासारखी चालत होती. ना ठेका लागत होता, ना श्वास मोजावा लागत होता. आयुष्यात कधी इतकं मोकळं बोलायला मिळालं नव्हतं, आणि ते सोडवेना.

"स... स..." कोकिळा म्हणत होती.

"बघ, 'सर'सुद्धा निघत नाही," तो म्हणाला आणि हसला. पलीकडून आवाज बंद झाला.

बऱ्याच वेळानं त्यानं हेडफोन काढला. सपना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड उघडलं आणि जीभ पुन्हा अडली.

पुढच्या आठवड्यात नाशिकहून कोकिळाच्या भावाचा फोन आला. सपनानं उचलला. कोकिळा मुलाखतीला गेली नव्हती. घरात कोणाशी बोलत नव्हती, हवं ते खुणेनं मागत होती. सरांनी तिला काय सांगितलं, एवढंच भावाला विचारायचं होतं. गोपालनं हातानं खूण केली, घरी नाही म्हण. सपनानं त्याच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "ते घरीच हायेत. पन ते बोलनार नाईत."

गोपालला वाटलं होतं, धंदा आता बसणार. झालं उलटंच. प्रत्येक शिकवणीत सुरुवातीला तो अडके, मग समोरच्याला झापे, आणि झापायला लागला की जीभ सुटे. कारकून सोडून गेला, वकिलीचा विद्यार्थी सोडून गेला. पण त्यांच्या जागी आईबाप येऊ लागले, शाळकरी पोरांना घेऊन. सर कडक आहेत, ही बातमी पसरली होती. बाप पोराच्या शेजारी बसून म्हणत, "सोडू नका सर, लाडानं बिघडलाय तो." दुसरीतली, तिसरीतली पोरं. काही भीतीनं चार वाक्यं घडाघडा म्हणून टाकत, आणि बाप खूश होत. बहुतेक पोरं आधीपेक्षा जास्त अडकत, पण ते महिनाभरानं कळे, आणि तोवर नवी आलेली असत.

पुंडलिकराव आता जिना चढून वर येत. खुर्ची टाकून, दुसरा हेडफोन लावून ऐकत बसत, पोरगं अडलं की मांडीवर थाप मारत. "आता शोभतो माहा पोरगा!" असं गिऱ्हाइकांना सांगत. योगेंद्रनं दुकानाच्या पाटीखाली 'मोकळी वाणी'ची पाटी लावून घेतली. गोपाल आता खाली गेला तरी कोणी हसत नसे.

घरात मात्र तो गप्प झाला. सपनाशी गोड काही बोलायला गेला की जीभ अडे. भाजीत मीठ जास्त पडलं, टॉवेल जागेवर नसला, की वाक्यच्या वाक्यं बाहेर पडत. आधी आधी तो नंतर ओशाळायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की बोलायचं असेल तर आता हीच एक वाट उरली आहे. काही सांगायचं असलं की तो आधी चूक शोधायचा. सपनाच्याही ते ध्यानात आलं. एकदा तो नुसताच ओठ हलवत उभा होता, तेव्हा ती कणीक मळता मळता म्हणाली, "शिवी द्या, म्हंजे निंगते."

दिवाळीनंतर तिनं बॅग भरली. सासूला सांगितलं, सासऱ्यांना नमस्कार केला. गोपाल शिकवणीत होता. उठून येईतोवर ती स्टँडवर पोचली होती. नाचणगावला, तिच्या माहेरी जायला पुलगावची गाडी लागलेली होती. त्याला धावत येताना पाहून तिनं बॅग खाली ठेवली.

'जाऊ नको.' एवढंच म्हणायचं होतं. 'जा'वर तो अडला. तिनं वाट पाहिली, पूर्वी बघायची तशी, त्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढता. त्यानं श्वास सोडला, मांडीवर बोटं आपटली, पुन्हा श्वास घेतला. काही नाही. कंडक्टरनं घंटी दिली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. सपनानं बॅग उचलली.

आणि मग गोपालनं ती दुसरी वाट धरली.

"जाय! जाय बापाच्या घरी! नाटक करून आली होती, नाटक करून चालली! कोन पोसनार हाये तुले तिथी? भाऊजया दारात उभं करनार नाईत! निलाजरी! राह्य इथंच, पडून राह्य घरात, कुठी चालली तोंड घेऊन?"

त्या शिव्यांच्या लोंढ्यात 'राह्य इथंच' पण होतं. तेही त्याच सुरात गेलं. स्टँडवरचे लोक वळून बघत होते. कोणीतरी शेजारच्याला म्हणालं, "गुल्हान्याचा मास्तर हाये. लय कडक."

"झालं बोलून?" सपनानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं मान हलवली. ती गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी गोपाल थोडा वेळ तिथे उभा होता. मग घरी आला. माडीवर शिकवणी अर्धवट राहिली होती. त्यानं हेडफोन लावला. पलीकडे कोणी बाप आपल्या पोराला सांगत होता, "रडू नको. नीट बस. सर आले."