दोन बोटांचा झोळ

सुतारकाकांनी एकच दार तिसऱ्यांदा चौकटीतून उतरवलं, आणि रंधा हातात न घेता ते नुसतेच बसून राहिले. एरवी त्यांचे हात कधी रिकामे नसायचे.

"काय झालं, काका? अजून घासतंय?" टेपताईनं विचारलं.

टेपताई हे नाव तिच्या नव्या घराच्या बांधकामावरच्या माणसांनी ठेवलेलं. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान बंद करून ती थेट इकडे यायची, तेव्हा मापाची टेप गळ्यातच राहायची. पहिल्याच महिन्यात तिनं त्या टेपेनं खिडकीतली अर्ध्या इंचाची चूक पकडली आणि ठेकेदाराचं तोंड बंद केलं. तेव्हापासून आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही हेच नाव चाललं.

घरात राहायला यायला आठ दिवस उरले होते. त्या रविवारी सकाळी नवऱ्यानं आपल्या आईला आणि बहिणीला घर दाखवायला आणलं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तरी जिन्याचा उद्धार करत करत त्या वर चढल्याच. आता नवरा, सासूबाई, नणंद आणि टेपताईची नऊ वर्षांची लेक असे सगळे वरच्या मजल्यावर होते. खाली हॉलमध्ये, सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी, टेपताई आणि सुतारकाका.

"ताई, दमट हवेत दार फुगतं, हे मान्य," काका हळू आवाजात म्हणाले. "पण हवा कोरडी ठणठणीत आहे, लाकूड चांगलं मुरलेलं आहे. पंधरा दिवसांत मी ह्याची वरची कड दोनदा रंधून काढली." त्यांनी चौकटीच्या वरच्या अंगाला हात लावला. "दार वाढत नाहीये. चौकट खाली येतेय."

टेपताईनं वर पाहिलं. चौकटीवर भिंत, भिंतीवर टेकलेला आणि तिथून मोकळ्या हॉलवरून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक बीम. पांढराशुभ्र, नुकताच रंगवलेला. डोळ्याला सरळच दिसत होता. पण डोळ्यावर विसंबून तिनं कधी कापड कापलं नव्हतं.

पिशवीतून तिनं जाड दोऱ्याचं रीळ काढलं. एका शिडीवर ती, दुसऱ्या टोकाच्या घोडीवर काका. दोघांनीही बीमच्या खाली चार चार बोटं जागा सोडून दोरा धरला आणि तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला.

"दोरा भिंतीवर खिळ्याला बांधा आणि मधोमध जाऊन बघा," ती म्हणाली.

काका घोडी सरकवत मध्ये गेले. दोरा आणि बीम यांच्यामध्ये त्यांनी बोटं घातली. चार मावेनात. तीनही मावेनात.

"दोन," ते म्हणाले.

टेपताईनं दोऱ्याचं टोक सोडलं. ती शिडीवरून उतरली तेव्हा तिचा एक पाय पायरी चुकला.

इंजिनिअर बाईंनी काढलेला नकाशा तिला पाठ होता. त्यात हॉलच्या मधोमध एक काळा चौकोन होता, म्हणजे खांब. स्लॅब घातला तेव्हा ती दोन महिने आजारी आईपाशी होती. परत येऊन बघते तर खांब नाही. "इंजिनिअर बाईच म्हणाल्या, गरज नाही," नवऱ्यानं सांगितलं होतं, आणि हॉल इतका मोकळा, इतका देखणा दिसत होता की तिनं पुढे विचारलं नाही. इंजिनिअर बाई पाया भरेपर्यंत यायच्या. नंतर नवऱ्यानं त्यांना बोलावलंच नव्हतं. ठेकेदार आहे की, असं त्याचं म्हणणं.

तिनं फोन लावला.

"कुठला खांब?" इंजिनिअर बाई म्हणाल्या. "हॉलच्या मधला? तो काढायला मी कशी सांगेन? अख्खा बीम त्याच्यावर आहे." टेपताईनं दाराचं आणि दोऱ्याचं सांगितलं तसं त्यांनी विचारलं, "किती झोळ आहे म्हणालात?"

"दोन बोटं."

"वर कोण आहे?"

"सगळे."

"त्यांना खाली आणा. आत्ता. पळापळ करू नका, कुणी धावू नका, भिंतीच्या कडेनं एकेक जण. आणि वर वजन काय काय आहे?"

तेव्हा कुठे टेपताईच्या कानाला तो आवाज जाणवला. प्लंबरनं सकाळी गच्चीवरची नवी टाकी पहिल्यांदाच भरायला मोटर लावून दिली होती. पाणी तासभर चढत होतं. शिवाय गच्चीच्या फरशांची खोकी वरच्या खोलीत, बरोबर मध्यावर रचून ठेवलेली.

"मोटर बंद करा. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडून द्या. मी निघालेय, टेकू घेऊन येते."

तिनं सांगताच काका मोटर बंद करायला आणि व्हॉल्व्ह उघडायला गेले. टेपताई जिना चढली. धावायचं नाही, ती स्वतःलाच बजावत होती.

वर नणंद खिडकीतून बाहेर बघत होती. लेक फरशांच्या खोक्यांवर चढून बसलेली. सासूबाई खोलीच्या ऐन मध्यावर, रंगाऱ्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस.

"बाळ, उतर. खोक्यांवरून सावकाश उतर आणि भिंतीला हात लावून जिन्याकडे ये." लेकीनं आईचा चेहरा पाहिला आणि ती लगेच उतरली. मग टेपताई नणंदेला म्हणाली, "ताई, तुम्ही हिला घेऊन बाहेर रस्त्यावर जा. भिंतीच्या कडेनं."

"अगं, काय झालं?" नणंद म्हणाली.

"खाली सांगते."

"आई, आपल्याला पण उतरायचंय," ती सासूबाईंना म्हणाली.

"आत्ता तर चढले," सासूबाई म्हणाल्या. "दीड तास लागला मला. जरा टेकू दे. ह्या घरात येऊन मी काय जिनाच चढत-उतरत बसू?"

"अगं, बसू दे ना तिला," नवरा हसत म्हणाला. "तुझं काय चाललंय?"

टेपताईनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "हॉलचा खांब कुणी काढला?"

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तेवढं तिला पुरलं.

त्याच वेळी खुर्चीच्या शेजारी 'टक्' असा आवाज झाला. जमिनीतली एक फरशी आपोआप उचलली गेली आणि शेजारच्या फरशीवर तिरपी होऊन राहिली. कुणी हातही लावला नव्हता.

नवऱ्यानं पुढे होऊन आईला दोन्ही हातांवर उचललं. "अरे, मेल्या, पाडशील," सासूबाई म्हणाल्या, पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी त्याचा खांदा घट्ट धरला. तो कडेकडेनं जिन्याशी गेला. मागून टेपताई, प्रत्येक पावलाला खाली बघत. चौदा पायऱ्या. तिनं मोजल्या.

समोरच्या घराच्या कट्ट्यावर सासूबाईंना बसवलं. गच्चीच्या नळकांड्यातून टाकीचं पाणी धो धो अंगणात पडत होतं. काका बाहेर उभे होते, आणि मागच्या अंगणात रंग कालवत असलेला रंगारीही पुढे आला होता. रंगाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं, पण तोच बोलायला लागला.

"ताई, मी साहेबांना म्हटलं होतं. बीमला भेग येते, मी पुट्टी भरतो, आठ दिवसांनी परत येते. चारदा भरली. साहेब म्हणाले, तुम्हाला सांगू नका, उगाच घोर लागेल."

टेपताई नवऱ्याकडे वळली नाही. खांब काढला हे एक वेळ तिनं समजून घेतलं असतं. हौस माणसाला आंधळं करते; गिऱ्हाईकं घट्ट मापाचा आग्रह धरून उसवलेले कपडे परत घेऊन येतात, हे तिला नवं नव्हतं. पण चार वेळा भेग बुजवली. महिनाभर तिच्या शेजारी झोपून त्यानं ते लपवलं. आणि लेक त्याच छपराखाली बागडत होती.

पाऊण तासानं इंजिनिअर बाई टेम्पो घेऊन आल्या. लोखंडी टेकू, फळ्या आणि दोन माणसं. त्या दारातून, मग खिडकीतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाकी रिकामी झालीय, हे बरं झालं. टेकू दोन्ही टोकांकडून मध्यावर आणायचे. आत माझ्याशिवाय तीनच माणसं. मला अजून एक हात लागेल."

"मी येतो," नवरा म्हणाला.

टेपताईला वाटलं, नको म्हणावं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण काका साठीचे होते, आणि दुसरं कुणी जायचं तर का जायचं? तिनं त्याला अडवलं नाही, आणि तो आत गेला.

पुढचा तास तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. आतून फक्त जॅक फिरवल्याची कुरकुर आणि बाईंचा आवाज: "अर्धा फेरा. थांबा. आता तिकडचा, अर्धा." एकदा काहीतरी जोरात करकरलं. लेकीनं तिचा हात घट्ट पकडला. मग पुन्हा बाईंचा आवाज आला, "ठीक आहे, बीमनं टेकूवर वजन टाकलं. पुढचा लावा."

अकरा टेकू लागले. नवरा बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत प्लास्टरची भुकटी होती. तो तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून कट्ट्यावर बसला.

"आम्ही सहा जण एका खोलीत वाढलो," तो म्हणाला. "उठलं की कपाटावर आपटायचं, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर. मला एक जागा हवी होती, जिथे काहीच आडवं येणार नाही. ठेकेदार म्हणाला, होऊन जाईल. मला तेच ऐकायचं होतं."

"आणि भेगा?"

"भेगा दिसायला लागल्या तेव्हा सांगायची भीती वाटली. जितके दिवस गेले तितकी जास्त."

सासूबाई आतापर्यंत ऐकत होत्या. "लहानपणी पण बरणी फोडून तुकडे गादीखाली लपवायचा," त्या सुनेला म्हणाल्या. "मग रात्री त्यालाच टोचायचे."

टेपताई हसली नाही. "अजून काय काय आहे?" तिनं त्याला विचारलं. "सगळं आत्ता सांगा. उद्या कळलं तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

तो बराच वेळ आठवत राहिला. खरंच आठवत होता, हे तिला दिसत होतं.

"मागच्या बाथरूमचा उतार उलटा झालाय," तो शेवटी म्हणाला. "पाणी दाराकडे येतं. म्हणून मी तिथे ते मोठं पायपुसणं टाकलं."

"मी म्हटलं, ह्यांना पायपुसण्याची कधीपासून हौस," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे तिनं तपासलं नाही.

राहायला जायला आठ दिवसांऐवजी साडेचार महिने लागले. पायाभरणीत ह्या खांबाचा पाया आधीच घातलेला होता, म्हणून निभावलं. वरच्या फरश्या उखडल्या, बीम जॅकनं जरासा उचलला, त्याला खालून लोखंडी पट्ट्या बांधल्या आणि मधोमध खांब उभा राहिला. ठेकेदारानं फोन उचलणं सोडलं. त्या महिन्यांत नवराबायको कामापुरतं बोलले. टेपताईचा राग एका दिवसात उतरणारा नव्हता, आणि तिनं तो उतरल्याचं नाटकही केलं नाही.

घरात आल्यावर पाहुणे विचारायचे, एवढ्या छान हॉलमध्ये मध्येच हा खांब कशाला? पहिल्या वेळी टेपताई स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिली.

"मी काढला होता," नवऱ्याचा आवाज आला. "घर पडता पडता वाचलं."

आता तो भिंतीत खिळा मारायचा झाला तरी आधी इंजिनिअर बाईंना फोन करतो. गेल्या आठवड्यात त्यांनी टेपताईला फोन करून सांगितलं, "अहो, त्यांना म्हणावं, कॅलेंडर लावायला माझी परवानगी लागत नाही."